बारा वर्षांवरील व्यक्तींस मनाई

आमच्या सोसायटीच्या खेळायच्या जागेत एक निळी पाटी आहे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'झोपाळे व घसरगुंडी लहान मुलांसाठी आहेत. बारा वर्षांवरील कोणत्याही व्यक्तीस मनाई.' हा मजकूर माझ्या नवऱ्याचा. तो तेव्हा कमिटीत होता आणि 'कोणत्याही' हा शब्द सुचल्याबद्दल स्वतःवर इतका खूश होता, की त्याने मला फोन करून पाटी वाचून दाखवली होती. मी ठाण्याला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. समोर पेशंटांची रांग होती. छान आहे म्हटलं आणि फोन ठेवला. आमची लेक तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. तीही एक दिवस बारा वर्षं ओलांडणार आहे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पाटी लावायला कारण घडलं होतं. कॉलेजातली चार धटिंगण पोरं एकाच झोपाळ्यावर बसली आणि साखळी तुटली. लगेच मीटिंग, लगेच ठराव, लगेच पाटी. आमच्या सोसायटीत पाण्याचा पंप दुरुस्त व्हायला महिना लागतो, पण मनाई करायची असली की कामं भराभर होतात. त्या पोरांचं काही बिघडलं नाही. ती बॉक्स क्रिकेटच्या जाळीत गेली आणि अजून तिथेच आहेत.

कॉम्प्लेक्स डोंबिवलीच्या कडेला आहे, शिळ रस्त्यावरून आत वळल्यावर. पाच विंगा गोल उभ्या आणि मधे मोकळी जागा. बुकिंगच्या वेळी मिळालेल्या चकचकीत पुस्तिकेत या जागेचं चित्र होतं, त्यात सोनेरी केसांचा एक मुलगा फुगे घेऊन धावत होता. तसा मुलगा आमच्याकडे अजून राहायला आलेला नाही. बाकी चित्रातलं सगळं मात्र खरंच मिळालं. लहानांसाठी मऊ रबरी फरशी, तीन झोपाळे, घसरगुंडी, लोंबकळायच्या दांड्या. मुलग्यांसाठी क्रिकेटची जाळी. ज्येष्ठांसाठी कडेने लाल रंगाचा चालायचा ट्रॅक, ज्यावर सगळे एकाच दिशेने चालतात आणि उलट चालणाऱ्याकडे रागाने बघतात. बायकांसाठी बाकडी. नकाशा काढणाऱ्याने एकेकाची आठवण ठेवून सोय केली होती. तेरा वर्षांची मुलगी तेवढी त्याच्या लक्षात राहिली नाही. त्याला मुलगी नसेल, किंवा असेल तर ती घरात सोफ्यावर असेल.

आमची लेक तोवर सोफ्यावर फारशी टेकलेलीच नव्हती. ती धावणारी पोर. खालून दूध आणायचं असलं तरी धावत, लिफ्टकडे धावत, लिफ्ट आली नाही तर जिन्याने धावत. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणायच्या, तुमची लेक उतरली की आम्हाला कळतं, भांडी वाजतात. आणि झोपाळ्याचं तर वेडच. उभ्याने झोके घ्यायची, केस तोंडावर, फ्रॉक वाऱ्यावर, आणि मी सहाव्या मजल्यावरून ओरडत असायची, "अगं, साखळी धर! दोन्ही हातांनी धर!"

ती तेरा वर्षांची झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला शिट्टी वाजली.

शिट्टी सेक्रेटरीकाकांची. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी घालून संध्याकाळी ट्रॅकवर चालतात आणि चालता चालता राज्य चालवतात. माणूस वाईट नाही. माझ्या वडिलांना अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा बनियनवर धावत खाली येऊन गाडी काढणारे हेच काका. पण नियम म्हणजे नियम. आणि लेकीचं वय त्यांना शोधावंही लागलं नाही. आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्याच बायकोने, आमच्या सेक्रेटरीकाकूंनी, केकचा फोटो टाकून लिहिलं होतं, 'आमची परी तेरा वर्षांची झाली!' खाली फुलांचा ढीग.

"बेटा, आता तू मोठी झालीस ना," काका म्हणाले म्हणे. प्रेमानेच म्हणाले असतील.

ती लिफ्टने वर आली. चपला दारातच भिरकावल्या आणि म्हणाली, "बाबांच्या पाटीमुळे मला उतरवलं." नवरा चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि बशीत सांडलेला चहा पुसायला घेतला. मला हसू आलं. लेकीला आलं नाही.

त्यानंतर ती खाली गेलीच नाही. शाळा, क्लास, सोफा. दूध आणायला पाठवलं तर लिफ्टची वाट बघत उभी राहायची, आणि लिफ्ट यायला उशीर झाला तर तशीच घरात परत यायची. खांदे पुढे आले. चालताना पाय ओढायला लागली. मी ओरडायचे, मग जवळ घ्यायचे, मग परत ओरडायचे. माझा स्वभावच असा, काळजी वाटली की आधी आवाज चढतो. नातेवाईक म्हणायचे वय आहे, होतं असं. मला तिच्या वजनाची वगैरे काही पडलेली नव्हती. मला ती धावणारी पोर परत हवी होती. जिन्यातून उतरताना भांडी वाजवणारी.

आमचे डॉक्टर येणाऱ्या प्रत्येक आईला सांगतात, मुलांना खेळायला पाठवा. काचेच्या या बाजूला बसून मी ते रोज ऐकते. कुठे पाठवा, ते मात्र आजवर त्यांनी कुणाला लिहून दिलेलं नाही.

मग मीच कुठे-कुठे पाठवलं. आधी ट्रॅक. तिथे ती आज्यांच्या मागे अडकली. ओव्हरटेक केला की मागून सूचना यायची, "हळू गं बाळा." मग क्रिकेटची जाळी. "मी गेलेले आई," परत येऊन म्हणाली, "ते म्हणतात फील्डिंग कर. जाळीत कसली फील्डिंग? बॉल जाळीला लागून आपणच परत येतो." हे मात्र खरं होतं. पार्किंगमध्ये बॅडमिंटन खेळायला घेतलं तर एका गाडीचा अलार्म वाजायला लागला आणि तो मालक खाली येईपर्यंत थांबेना.

एका रविवारी तिला पालिकेच्या उद्यानात घेऊन गेले. सुंदर ठेवलंय. हिरवळ अशी की गालिचा, आणि तिच्यावर चालू नये अशी पाटी. फुलं, आणि तोडू नयेत अशी पाटी. कडेला व्यायामाची पिवळी-निळी यंत्रं होती. त्यांतल्या सायकलवर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते, पाय स्थिर. लेक दुसऱ्या यंत्रावर चढली, थोडं इकडे-तिकडे झुलली. रेलिंगबाहेर बाइक लावून तीन पोरं बसली होती. ती काही बोलली नाहीत, नुसती बघत होती. लेक उतरली. "चल," म्हणाली. ते उद्यान बघायला छान आहे. बघण्यासाठीच आहे.

शेवटी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. या काकू इथल्या गावच्याच, आगरी. आमच्या पाच विंगा उभ्या आहेत ती भाताची खाचरं त्यांच्या सासऱ्यांची होती. जमिनीच्या बदल्यात जे फ्लॅट मिळाले त्यांतल्या एकात त्या मुलासुनेबरोबर राहतात आणि दिवसातून दोनदा तरी जुन्या घरी गावात जाऊन येतात. फ्लॅटमध्ये करमत नाही म्हणतात.

"काय गो बाय, तुजी पोर दिसं नाय आताशी? आजारी हाय का काय?"

मी सगळं सांगितलं. पाटी, शिट्टी, सोफा.

"मंग आमच्या मैदानाव पाठव. आमच्या पोरी कबड्डी खेलतान."

ते मैदान आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. देवळामागची साधी मोकळी जागा, मुरमाची. झोपाळा नाही, घसरगुंडी नाही, पाटी तर नाहीच. मधोमध दरवर्षी गावाची होळी लागते. ती जागा अडवायची कुणाची हिंमत नाही, म्हणून आजूबाजूला इमारती आल्या तरी मैदान जागच्या जागी राहिलं. होळी एकच दिवस, बाकीचं वर्षभर कबड्डी. आमच्या कुंपणापासून ते हाकेच्या अंतरावर आहे, पण कुंपणाला त्या बाजूने दार नाही. मेन गेटने बाहेर पडून, नाल्यावरून वळसा घालून जावं लागतं. मी तिला घेऊन गेले.

गावच्या पोरींनी तिला लगेच खेळात घेतलं. चांगल्या पोरी. पण त्या चालायला लागल्यापासून कबड्डी खेळणाऱ्या, त्यांच्या मावश्या आणि आत्याही खेळलेल्या. लेक 'कबड्डी कबड्डी' करत गेली, एकीने घोटा धरला, दुसरीने कंबर, आणि ती मुरमावर आडवी. गुडघे सोलवटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मायेने तिला गुण सांगायला बाजूला बसवलं. "आई, त्या खूप भारी आहेत," घरी आल्यावर म्हणाली. "पण मी तिथे पण बसूनच राहणार ना? मग इथेच बसते." आणि बसली. सोफ्यावर.

त्या सुमाराला मी भावाकडे कोपरीला गेले होते. ठाणे पूर्वेला स्टेशनजवळ आमचं माहेरचं घर, मी तिथेच वाढले. बिल्डिंगच्या मागे पाण्याची जमिनीतली टाकी आहे, वर सिमेंटचा उंच चौथरा. आता त्याच्यावर स्कूटर लावतात. मी लेकीला नेहमी सांगत आले, तुझ्याएवढी असताना आम्ही त्या टाकीवर किती खेळायचो. त्या दिवशी मागच्या जिन्यात उभी राहून बघितलं आणि खरं काय ते आठवलं. अर्धा वेळ आम्ही नुसत्या बसायचो. पाय खाली सोडून, संध्याकाळी गरम असलेल्या सिमेंटवर, एकमेकींच्या वेण्या घालत. मग कुणीतरी उगाच खाली उडी मारायची. मग दुसरी तिच्याहून लांब. मग लंगडी, मग फुगडी, मग दमलो की परत बसायचं. आम्हाला खेळा असं कुणी सांगायचं नाही आणि उठा असंही कुणी म्हणायचं नाही. त्या बाजूला एकाच स्वयंपाकघराची खिडकी होती, तिच्यातून एक मावशी भाकऱ्या करता करता आमच्याकडे लक्ष ठेवायच्या. तेवढं पुरायचं. आमच्या सोसायटीत पाच विंगांच्या सगळ्या गॅलऱ्या खेळायच्या जागेवर उघडतात. त्या वयाच्या मुलीला तिथे उभं राहायचं म्हणजे स्टेजवर उभं राहिल्यासारखं.

भावाला म्हटलं, स्कूटर लावायला दुसरी जागा नाही का रे? तो म्हणाला, "तुला काय करायचंय, तू बसणारेस का टाकीवर?" विषय संपला.

मग श्रावण जवळ आला, आणि सेक्रेटरीकाकूंनी सगळ्यांना कामाला लावलं. त्यांच्या मुलाचं लग्न वैशाखात झालं होतं. नव्या सुनेची पहिली मंगळागौर. पूजा घरात आणि खेळ खाली क्लबहाउसच्या हॉलमध्ये. हल्ली डोंबिवलीत खेळ करायला बाहेरून ग्रुप बोलावतात, एकसारख्या नऊवारी नेसून बायका येतात, नाचतात, जेवून जातात. काकूंना ते पसंत नव्हतं. "आपल्या सुनेची मंगळागौर आपण खेळायची," त्या म्हणाल्या. "सराव केला की सगळं येतं." त्या स्वतः साठीच्या. बाकी आम्ही डझनभर, चाळिशी-पन्नाशीच्या, कुणी साताऱ्याकडची, कुणी रत्नागिरीची, गुडघ्याच्या तक्रारी सगळ्यांच्या समान. पहिल्या मजल्यावरच्या काकूही आल्या. "आमच्यात मंगलागौर नसतं," त्यांनी आधीच सांगून टाकलं, "आमी गौरीला नाचताव. पन फुगडी मना येतं." येतं म्हणजे काय, त्यांच्याबरोबर फुगडी घालणं म्हणजे मिक्सरमध्ये पडल्यासारखं होतं.

पहिला सराव हॉलमध्ये झाला. हॉलची फरशी इतकी गुळगुळीत की तीत तोंड दिसतं. साताऱ्याच्या वहिनी फुगडीतून सुटल्या त्या घसरत थेट भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथे बसून हसत राहिल्या. आम्हाला वाटलं रडताहेत. मग पहिल्या मजल्यावरच्या काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाहेर ती पोरांची फरशी हाय ना मऊ. थय चला."

साडेसातला लहान मुलं जेवायला वर गेलेली असतात. आम्ही रबरी फरशीवर उतरलो. त्या फरशीवर पाय असा धरतो की विचारू नका. उडी मारली तर गुडघ्यापर्यंत काही पोचतच नाही. ती बारा वर्षांखालच्यांना का दिली, हे मला आजवर कळलेलं नाही, त्यांची हाडं तशीही रबरीच असतात. ओढण्या पायात यायला लागल्या म्हणून आम्ही त्या काढून समोरच्या पाटीवर टाकल्या. पाटी पार झाकली गेली. मुद्दाम केलं असं कुणाला वाटेल, पण तिथे ओढणी टाकायला दुसरं काही नव्हतंच.

घरी लेक रडकुंडीला आली होती. "आई, सगळ्या गॅलऱ्यांतून दिसतं! माझ्या शाळेतली मुलगी सी विंगमध्ये राहते! प्लीज, तो कोंबडा तरी नको." कोंबडा म्हणजे उकिडवं बसून दोन्ही पायांनी उड्या मारत पुढे जायचं. माझा कोंबडा ग्रुपमध्ये नावाजलेला होता.

"तू नको बघूस," मी म्हटलं.

"मी नाही बघणार, पण बाकीचे बघणार ना!"

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी पाण्याची बाटली वर विसरले. नवऱ्याने तिला बाटली देऊन खाली पिटाळलं. एक सर येऊन गेली होती, जागा ओली आणि मोकळी. ती तोंड पाडून आली, बाटली बाकावर ठेवली, आणि परत वळायच्या ऐवजी झोपाळ्याशी थांबली. आम्ही पिंग्याच्या गोलात होतो. मी तिच्याकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. तिने हाताने झोपाळ्यावरचं पाणी पुसलं. बसली. पायाच्या अंगठ्याने जमीन लोटली, हळूच, जेमतेम. माझ्या तोंडाशी आलं होतं, घे ना झोका! आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडाशी आलेलं गिळलं.

तेवढ्यात ट्रॅकवरून काका आले. त्यांनी आधी झोपाळ्यावर बसलेली तेरा वर्षांची मुलगी पाहिली. हात आपोआप शिट्टीकडे गेला. शिट्टी ओठांना लागली. आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबलो, मी तर कोणत्याही क्षणी भांडायच्या तयारीत. लेक उठायच्या बेतात, मान खाली. आणि सेक्रेटरीकाकू धापा टाकत गोलातून बाहेर आल्या, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या,

"अहो, वयाने मोठी मी आहे. आधी मला वाजवा."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आम्हा सगळ्यांकडे. पाटीकडे पाहायला गेले तर पाटीवर त्यांच्याच बायकोची ओढणी. शिट्टी हळूच खाली आली. "उद्या पाऊस आहे म्हणतात," एवढं बोलून ते ट्रॅकवर पुढे निघाले, नेहमीपेक्षा जरा भरभर. पहिल्या मजल्यावरच्या काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मला हसताही येईना. माझं लक्ष झोपाळ्याकडे होतं. तो थांबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बाटली आठवणीने घेतली होती, तरी लेक बाटली घेऊन खाली आली. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर सी विंगमधली ती शाळेतली मुलगी होती. मग एक उंच, खांदे पाडून चालणारी मुलगी आली, जी मी लिफ्टमध्येही कधी पाहिली नव्हती. मग दोघी बहिणी. इतक्या वर्षांत मला पत्ता नव्हता की या विंगांमध्ये या वयाच्या एवढ्या मुली राहतात. कुठे होत्या? आपापल्या सोफ्यांवर असणार. आता त्या रोज आमच्या मागे, घसरगुंडीच्या खाली जो कोनाडा आहे, तिथे येऊन बसायच्या. आम्ही नाचत असल्यामुळे गॅलऱ्यांमधले सगळे आमच्याकडे बघायचे. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

पण बसायच्याच. नुसत्या. कुजबुज, खिदळणं, एकमेकींच्या वेण्या. चार दिवस मी सहन केलं, पाचव्या दिवशी माझा जीव राहीना. "अगं, बसून काय..." एवढं म्हटलं, तोच पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

"गप. बसूंदे त्यांना."

कोपरीची टाकी मला तेव्हा आठवली, चिमटा बसल्यावर. मी गोलात परत गेले.

आणि मग एका संध्याकाळी मागून असा काही हशा आला की आम्ही खेळ थांबवून वळून पाहिलं. मुली आमची नक्कल करत होत्या. एक साताऱ्याच्या वहिनी झाली होती आणि फुगडीतून सुटून घसरगुंडीवर आपटत होती. दुसरी सेक्रेटरीकाकूंसारख्या धापा टाकत होती. आणि माझी लेक मी झाली होती. कुर्ता वर खोचलेला, जीभ जराशी बाहेर, डोळे मोठे, उकिडवी बसून कोंबड्याच्या उड्या मारत पुढे येत होती आणि मधेच थांबून कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "अगं, साखळी धर! दोन्ही हातांनी धर!" सगळ्या पोट धरून लोळत होत्या. मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले ते मला कुणाला दाखवायचे नव्हते, म्हणून बाटली तोंडाला लावली. तिच्या कपाळावर घाम होता. कित्येक महिन्यांनी मी तिच्या कपाळावर घाम पाहत होते. तिने माझी जितकी टर उडवली तितकी मला ती जास्त आवडत गेली.

मंगळागौर छान झाली. सून दमून गेली, आम्ही नाही. शेवटी हॉलच्या त्याच गुळगुळीत फरशीवर खेळ झाले, पण आता आम्ही पाय रोवायला शिकलो होतो. लेकीने व्हिडिओ काढला. ती काही खेळली नाही आणि मी तिला खेळ म्हटलंही नाही.

माझी धास्ती त्यानंतरची होती. सराव संपला. आता आम्ही नसताना मुली खाली येतील का? आणि आल्या तर? काका परत शिट्टी घालून हिंडत होते, पाटीवरची ओढणी निघाली होती. नवऱ्याला म्हटलं, तुझी पाटी काढ. तो म्हणाला ठराव लागेल, मीटिंग लागेल, तो तर आता कमिटीतही नाही. दोन दिवस मी साडेसातला उगाच भाजी निवडायला घेऊन बाकावर जाऊन बसले, राखण करायला. मुली आल्या, मला पाहून ओशाळल्या, लवकर वर गेल्या. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, तू तिथे नको बसूस ना. भाजी घरी निवड." मी बसले नाही. पण त्या संध्याकाळी गॅलरीतूनही खाली बघायचं नाही, हे मला फार जड गेलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहिलं आणि डाळीचा लगदा झाला.

पंधरा-वीस दिवसांनी सेक्रेटरीकाकूंचा ग्रुपवर निरोप आला. नवरात्रात भोंडला करायचा, सरावाला सगळ्यांनी साडेसातला खाली या. आम्ही साड्यांचे पदर खोचून, गुडघ्यांना पट्टे लावून उतरलो. पहिल्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांत पुढे.

फरशी रिकामी नव्हती. आठ-दहा मुली होत्या, त्यांतल्या दोघी गावच्या, कबड्डीवाल्या. त्या कशा आल्या, कुणी बोलावल्या, मेन गेटवर त्यांना कुणी कसं सोडलं, मला माहीत नाही. कसला तरी स्वतःच जुळवलेला खेळ चालला होता, त्यात थोडी कबड्डी होती, थोडी साखळी, थोडी आमची फुगडी, आणि झोपाळ्याच्या खांबाला हात लावला की बहुतेक सुटका व्हायची. किंचाळ्या पाचही विंगांत पोचत असणार. पाटीवर दोन ओढण्या आणि एक रेनकोट लटकत होता. काका ट्रॅकवर होते. पाटीजवळून जाताना त्यांनी घसरून पडत असलेला रेनकोट उचलून नीट टाकला आणि पुढे गेले.

आम्हाला पाहून लेक खेळ सोडून पळत आली. केस सुटलेले, गाल लाल, कोपराला खरचटलेलं, श्वास लागलेला. मी पदराने तिचं तोंड पुसायला हात पुढे केला तर ती मागे सरली.

"आई, आता आमची वेळ आहे," ती म्हणाली. "तुम्ही हॉलमध्ये जा ना."

"अगं, हॉलमध्ये पाय घसरतो."

"मग हळू खेळा. तुम्ही आता मोठ्या आहात ना."

 सेक्रेटरीकाकू काहीतरी बोलणार होत्या, पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचा हात धरला आणि हॉलच्या दिशेला वळवलं. मीही वळले. मागून माझ्या लेकीला कुणीतरी हाक मारली, आणि ती धावत गेली.